घर सोडून सगळं बंगळूर

समजा, तुमची जिवलग मैत्रीण तुमच्या शहरात आली आहे आणि तुम्हाला तिला शहर दाखवायचं आहे. सोपं काम आहे. एक देऊळ, एक किल्ला, एक बाग, मधे कुठेतरी दोसा, आणि पाय दुखायला लागले की घर. आता समजा, त्या मैत्रिणीला देऊळ बघायचं नाही आणि किल्लाही नाही. तिला फक्त तुमचं घर बघायचंय. आणि तुम्हाला घर सोडून सगळं शहर दाखवायचंय. करून बघा एकदा. शहर कितीही मोठं असू दे, दुपारपर्यंत संपतं.

हर्षिताचं बंगळूर त्या शनिवारी असंच दुपारी संपलं.

हर्षिता यशवंतपूरला एका प्रयोगशाळेत नोकरी करते. आजूबाजूच्या कारखान्यांतले दाब मोजायचे गेज तिच्याकडे तपासायला येतात. काटा शून्यावर येतो का, दाब वाढवला की योग्य आकड्यावर थांबतो का, हे बघायचं आणि वर हिरवं नाहीतर लाल स्टिकर लावायचं. चिकपेटच्या एका गल्लीत तिच्या घरच्यांचं पेट्यांचं दुकान आहे. सत्काराच्या वेळी पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवतात ते जरीकाठाचे तयार मैसूर पेटे. दुकानाच्या वरच घर. आपण शहाजीराजांबरोबर इकडे आलो, असं घरात सांगतात. पुरावा कुणाकडे नाही आणि आजवर कुणी मागितलाही नव्हता. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत ‘स्वल्प थांब’ असतं आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ असतं.

नोकरीच्या सुरुवातीला हर्षिता भोसरीच्या एका कंपनीत होती. तेव्हा कर्वेनगरच्या पीजीत तिच्या खोलीत सिद्धी होती. सिद्धी कराडची, शिकलेली बायोटेक, कामाला औषधांच्या कंपनीत. दोघींचं कपाट एक, बादली एक आणि बादलीवरून होणारं भांडणही रोजचं एकच. हर्षिताला डेंगी झाला तेव्हा सिद्धीनं रजा टाकली होती आणि तिच्या आईनं कराडहून बसनं डबे पाठवले होते. हर्षिता त्यांना काकू म्हणायची. ‘पोरगी गुणाची आहे, फक्त पोळ्या जाड करते,’ असं काकूंचं तिच्याबद्दल मत होतं.

पुढे हर्षिता बंगळूरला परत आली. मग सिद्धीचा थोरला भाऊ अद्वैत तिथेच नोकरीला आला. ‘माझ्या बावळट भावाला घर शोधून दे, नाहीतर ऑटोवाले त्याला विकून खातील,’ असा सिद्धीचाच फोन आला. हर्षितानं कोरमंगलात घर शोधून दिलं. घर शोधता शोधता बाकीचंही सापडलं.

वर्षभरानं अद्वैतनं घरी लग्नाचं सांगितलं. वडील नसल्यामुळे त्या घरात काकूंचा शब्द शेवटचा. काकू म्हणाल्या, ‘पोरगी माझ्या पाहण्यातली आहे, घर नाही. सिद्धी जाऊन बघून येईल, मग बोलू.’ अद्वैतनं ते वाक्य जसंच्या तसं हर्षिताला पाठवलं. खाली एक हसरा चेहरा.

हर्षिताला हसू आलं नाही. कारण तिच्या घरात बघायला नको अशी एकच गोष्ट होती, आणि ती झाकायला पडदा पुरणार नव्हता. तिचे वडील मल्हारराव हे तिच्या आईचे सख्खे मामा. सगुणाबाई ही थोरली बहीण, मल्हारराव तिचा पाठचा भाऊ. सगुणाबाईची लेक मालन, आणि मालनचं लग्न मामाशी. बंगळुरात याचं कुणाला काही वाटत नाही. गल्लीतल्या कानडी घरांत, तेलुगू घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि त्यांच्यात राहता राहता काही जुन्या मराठी घरांतही शिरलंय. मालनबाई अजूनही घाईत नवऱ्याला ‘मामा’ अशी हाक मारतात आणि मल्हारराव ‘ओ’ देतात.

हे जगावेगळं आहे हे हर्षिताला पहिल्यांदा कळलं ते कर्वेनगरला. कुणीतरी खोलीत म्हणालं होतं, ‘साउथवाले मामाशी लग्न करतात म्हणे, शी!’ सगळ्यात मोठ्यानं हसली होती सिद्धी. हर्षिताही हसली होती.

अद्वैतला तिनं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘मला काही फरक पडत नाही. पण आईला आत्ता नको. एकदा लग्न होऊ दे, मग कधीतरी कळेलच.’

म्हणून शुक्रवारी रात्री जेवताना हर्षितानं घरात विषय काढला. ‘उद्या सिद्धी येईल. तिच्यासमोर आईचं-बाबांचं नातं काढू नका.’

मालनबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, ‘सरी.’ मल्हारराव जेवत राहिले. सगुणाबाईंना, म्हणजे आजीला, हर्षिता अव्वा म्हणायची. अव्वांनी घास हातातच ठेवला.

‘का? लपवायला चोरी केलीय का आम्ही?’

‘तसं नाही अव्वा. त्यांच्याकडे चालत नाही.’

‘त्यांच्याकडं चालत नसंल तर त्यांनी करू नये.’

हर्षितानं मनातल्या मनात बेत केला. अव्वा दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसते आणि रात्री लवकर झोपते. तेव्हा दिवसभर शहर, आणि रात्री उशिरा घर.

*

‘अद्वैतकडून, कोरमंगलाहून इथे यायला मला जेवढा वेळ लागला ना, तेवढ्यात मी कराडहून पुण्याला पोचते,’ मल्लेश्वरमला कॅबमधून उतरल्या उतरल्या सिद्धी म्हणाली. मग तिनं हर्षिताला घट्ट मिठी मारली, मागे सरून नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, ‘जाड झालीस.’

‘तूही.’

‘मी पाहुणी आहे. मला बोलायचं नाही.’

सुरुवात अशी बरी झाली. हर्षितानं तिला काडू मल्लेश्वराच्या देवळात नेलं. शहाजीराजांच्या मुलाचं, एकोजीराजांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे, इथल्या कातळावर त्यांच्या दानाचा लेख आहे, हे तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. सिद्धीनं मोबाईलमध्ये लेखाचा फोटो शोधून मोठा करून बघितला.

‘ही कुठली लिपी?’

‘कानडी.’

‘मराठ्यांच्या राजाचा लेख, आणि कानडीत?’

‘गावातल्या लोकांना वाचता यायला हवा ना.’

‘म्हणजे आल्या आल्याच विरघळलात तुम्ही लोक.’

‘मीठ विरघळलं म्हणून कुणी भाजीला अळणी म्हणत नाही, सिद्धी.’

‘वा. डायलॉग तयार ठेवलाय,’ सिद्धी म्हणाली. पण हसली नाही.

बाहेर एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी घेतली. हर्षितानं सवयीनं ‘बाय टू’ सांगितलं. एक कॉफी, दोन पेल्यांत. बंगळुरात दोन मित्र भेटले की असंच मागवतात. सिद्धीनं आपल्या अर्ध्या पेल्यात वाकून बघितलं.

‘सून म्हणून आलीस की आमच्याकडेही असंच देणार का? अर्धा अर्धा कप?’

‘ही इथली रीत आहे.’

‘तुमच्या रीतीच बघायला पाठवलंय मला,’ सिद्धी म्हणाली आणि पेला ठेवला. ‘बरं, आता सांग. तुझ्या आईचं माहेर कुठलं?’

हर्षितानं पेला रिकामा केला. ‘इथलंच.’

‘इथलंच म्हणजे कुठलं?’

‘चिकपेट.’

‘आणि सासर?’

‘चिकपेट.’

‘सोयीचं आहे. रुसून माहेरी जायला रिक्षासुद्धा नको,’ सिद्धी म्हणाली. ‘मामा वगैरे आहेत का तुला? लग्नात मामा लागतो आमच्याकडे, अंतरपाटाजवळ उभा राहायला.’

‘बघू तेव्हाचं तेव्हा. चल, लालबागेत जाऊ. तिथे टेकडीवर केंपेगौडाचा बुरूज आहे. त्यानं शहराच्या चार दिशांना—’

‘हर्षे, मी झाडं बघायला नाही आले. बुरूजही नाही. घर दाखव.’

‘रात्री जेवायला जायचंच आहे घरी.’

‘मग दुकान दाखव. आई विचारेल, दुकान कसं आहे, काय सांगू? लालबाग छान आहे?’

‘दुकान दुपारी बंद असतं.’

हे खोटं होतं, आणि असल्या खोट्याचं आयुष्य फार नसतं. सिद्धीनं मोबाईल काढला आणि थेट मालनबाईंना फोन लावला. पीजीच्या दिवसांपासून तिच्याकडे तो नंबर होता.

‘काकू, सिद्धी बोलतेय. हो हो, पोचले. ही मला कधीची देवळातच फिरवतेय. दुकान उघडं आहे का? आहे ना? अहो जेवण वगैरे काही करत बसू नका. बरं, करा. आलोच आम्ही.’

फोन पर्समध्ये टाकून ती शांतपणे म्हणाली, ‘उघडं आहे.’

मेट्रोत दोघी समोरासमोर बसल्या. मॅजेस्टिकला गर्दी चढली, उतरली. हर्षितानं चष्मा काढून ओढणीनं पुसायला घेतला.

‘तू काहीतरी लपवतेयस,’ सिद्धी म्हणाली. ‘खोटं बोलायचं असलं की तू चष्मा पुसतेस. पीजीच्या मालकिणीला गीझर कुणी बिघडवला ते सांगताना किती पुसला होतास, आठवतं?’

‘काच खराब झालीय.’

‘पूस मग,’ सिद्धी म्हणाली. ‘चांगला पूस.’

*

दुकानात मल्हारराव मांडी घालून बसले होते. लाकडी साच्यावर पांढऱ्या रेशमाच्या घड्या एकावर एक बसवत होते. त्यांनी मान वर करून ‘या’ म्हटलं आणि पुन्हा मान खाली घातली. मालनबाई वरून चित्रान्नाच्या, म्हणजे लिंबू-भाताच्या, बशा घेऊन आल्या. होळिगेही केल्या होत्या, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या. एवढ्यातल्या एवढ्यात कशा केल्या, त्यांनाच ठाऊक. गल्ल्यावर सगुणाबाई बसल्या होत्या. त्यांनी सिद्धीला हाताला धरून स्टुलावर बसवलं.

‘ये गं अक्का. बस. स्वल्प पाणी घे. ऊन लागलं का?’

मग त्यांनी फळीवरचा एक पेटा काढला, भारीतला, केशरी जरीचा, आणि सिद्धीच्या डोक्यावर ठेवला. ‘आमच्याकडं पाव्हण्याचं डोकं मोकळं ठेवत नाहीत.’

सिद्धीला तो थोडा सैल झाला. समोरच्या आरशात बघून ती पहिल्यांदाच मनापासून हसली. हर्षितालाही वाटलं, होईल, निभावेल. आई हळूच एकदा तिच्याकडे बघून गेली.

‘आजी, एवढे सगळे कोण बांधतं हो?’ सिद्धीनं विचारलं.

‘हा की. आमचा तम्मा.’

‘तम्मा?’

‘अव्वा, तिला पाणी दे,’ हर्षिता मधेच म्हणाली.

‘दिलंय की. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ गं.’

सिद्धीनं मल्हाररावांकडे बघितलं. मग हर्षिताकडे. ‘मला वाटलं हे हर्षिताचे बाबा.’

‘तेच की!’ सगुणाबाई म्हणाल्या. आवाजात अडखळ नव्हती, उलट अभिमानच होता. ‘माझा पाठचा. आमची आई गेली तेव्हा एवढासा होता. मी वाढवला, मी जेवू घातला. मालन माझी थोरली. आमच्यात थोरल्या बहिणीच्या पोरीवर पहिला मान धाकट्या भावाचा. परक्याच्या उंबऱ्याला पाठवली नाही मी पोरगी. घरातली घरात राहिली. तिची आई मीच, नणंद पण मीच. भांडायचं म्हटलं तरी जाईल कुठं?’

आणि त्या आपल्याच विनोदावर खळखळून हसल्या.

मल्हाररावांचा हात घडीवरच थांबला. मालनबाई होळिगेची बशी धरून उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. सिद्धी डोक्यावर केशरी जरीचा पेटा घेऊन स्टुलावर ताठ बसली होती. पेटा घातलेला माणूस गंभीर झाला की अगदी सत्कारमूर्तीसारखा दिसतो.

‘हर्षी, फोटो काढ की गं तिचा,’ सगुणाबाई म्हणाल्या.

सिद्धीनं दोन्ही हातांनी पेटा उतरवला, काउंटरवर ठेवला आणि उठली. ‘येते मी आजी.’

‘जेवली नाहीस.’

‘पोट भरलं.’

*

सिद्धी तरातरा गल्लीच्या तोंडाकडे निघाली. हातगाड्या, साड्यांचे गठ्ठे, स्कूटर, सगळ्यांना चुकवत ती पुढे आणि हर्षिता मागे. रस्ता कुठे जातो हे सिद्धीला माहीत नव्हतं, पण हर्षितालाही तिला थांबवावंसं वाटलं नाही. शेवटी जुन्या किल्ल्याच्या दगडी दरवाजाजवळ सिद्धी थांबली. सकाळपासून जो किल्ला दाखवायचा होता, तो हा.

‘शी,’ सिद्धी म्हणाली.

‘शी काय?’

‘मामाशी, हर्षे? आईच्या सख्ख्या भावाशी?’

‘तुझ्या आजोबांनी कुणाशी केलं होतं?’

‘तो विषय वेगळा आहे.’

‘मामाच्या मुलीशी. तूच सांगितलं होतंस, कौतुकानं. आजोबा लहानपणापासून तिला “माझी बायको” म्हणायचे म्हणून.’

‘मामाची मुलगी वेगळी, मामा वेगळा. मामा वडिलांसारखा असतो.’

‘तुमच्याकडे. आमच्याकडे नवऱ्यासारखा असतो. लग्न दोन्हीकडे घरातच झालं ना?’

‘ओरडू नकोस. लोक बघतायत.’

‘इथे मराठी कुणाला कळत नाही. तुझ्याच मते आम्ही विरघळलोय.’

सिद्धीचा चेहरा लाल झाला होता. उन्हानंही असेल. ती म्हणाली, ‘म्हणून तुझा चष्मा एवढा जाड आहे का?’

हर्षितानं चष्मा काढला नाही, पुसला नाही. ‘तू बायोटेक शिकलीयस,’ ती म्हणाली. ‘मला शास्त्रच सांग. माझ्या आणि अद्वैतच्या रक्तात काय नातं आहे? काहीच नाही. मग आमच्या मुलांना काय होणार? माझे आईबाप एकमेकांचे कोण, याचा त्यांच्याशी संबंध काय?’

‘ते मला कळतं.’

‘मग?’

‘आईला कोण समजावणार? चुलत्यांना कोण समजावणार? पत्रिका वाटताना विचारतील, मुलीच्या आईचे मामा कोण, तर काय सांगू, नवराच?’

‘म्हणजे तुला भीती रक्ताची नाही. चुलत्यांची आहे.’

‘हो, आहे! मला कराडात राहायचंय अजून.’ सिद्धीचा आवाज चिरकला. ‘आणि ते सोड. तू दोन वर्षं माझ्याबरोबर होतीस. माझ्या उशीवर झोपायचीस. मी तुला माझ्या घरचं काय काय सांगितलं. बाबा गेले त्या दिवशीचंसुद्धा. आणि तू हे एवढं सांगितलं नाहीस?’

‘सांगितलं असतं तर उशी दिली असतीस?’

सिद्धी काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. स्क्रीनवर ‘आई’ असं नाव होतं आणि काकूंचा तुळशीजवळचा फोटो. दोघींनीही तो बघितला. सिद्धीनं फोन घेतला. बोलताना ती हर्षिताकडेच बघत होती.

‘हो आई. बघितलं. आत्ताच निघाले तिथनं. दुकान आहे, चालतंय बरं. माणसं बरी आहेत. हो, आगतस्वागत केलं.’ मग थोडा वेळ ती नुसतं ऐकत होती. ‘नको आई. नाही गं, तसं काही नाही. त्यांचं सगळं कानडी झालंय. आजी बोलते त्यातलं अर्धं मला कळत नाही. उद्या नातवंडं तुझ्याशी काय बोलणार? नको, मला नाही वाटत. हो. अद्वैतला मी सांगते.’

फोन बंद झाला. किल्ल्याच्या दरवाजातून शाळेच्या मुलींचा एक घोळका हसत बाहेर पडला आणि दोघींना वळसा घालून गेला.

‘हे काय होतं?’ हर्षितानं विचारलं.

‘तुझ्या घराची अब्रू राखली. आभार मान.’

‘कुणी मागितलं होतं?’

‘तूच. सकाळपासून दुसरं काय करत होतीस?’

तोंडावर कुणी गार पाण्याचा हबका मारावा तशी हर्षिता उभी राहिली. सिद्धी रस्त्याच्या कडेला जाऊन ऑटोला हात करायला लागली. एक थांबला. सिद्धी हिंदीत बोलत होती, तो कानडीत उत्तर देत होता, दोघांचाही आवाज चढत होता. हर्षिता पुढे झाली. कोरमंगलाला जायचं, मीटरनं जायचं आणि उगाच फिरवायचं नाही, असं तिनं ऑटोवाल्याला कानडीत ठणकावलं. तो ‘सरी अक्का’ म्हणाला. सिद्धी आत बसली. दोघींनी एकमेकींना ‘येते’ आणि ‘ये’ म्हटलं नाही.

*

संध्याकाळी अद्वैतचा फोन आला. त्याच्या ऑफिसात नवीन काहीतरी चालू करायचं होतं म्हणून तो दिवसभर तिथेच होता.

‘आई नाही म्हणाली,’ तो म्हणाला. ‘भाषेचं कारण काढलंय. पण तू टेन्शन घेऊ नकोस. ते निघालं नाही, हे बरं झालं.’

‘काय निघालं नाही?’

‘तेच गं. तुझ्या आईबाबांचं. सिद्धीनं खूप शहाणपणा केला. भाषेचं काय, मी हळूहळू पटवतो आईला. दोन वर्षं लागतील फार तर.’

‘आणि तिला पटलं, की मग ते दुसरं लपवायचं. ते किती वर्षं?’

‘हर्षिता, प्रॅक्टिकल हो जरा.’

‘तू सांग ना आईला. आत्ता. मी इथेच थांबते.’

‘आत्ता कशाला? सगळं शांत झालंय.’

‘माझ्याकडे नाही झालेलं,’ हर्षिता म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानं परत केला तेव्हा उचलला नाही.

खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज झाला आणि अव्वा जिना चढून आल्या. ‘काय म्हणाली गं तुझी मैत्रीण? पसंत पडलो का आम्ही?’

‘नाही म्हणाले ते.’

‘का?’

‘आपण कानडी झालोय म्हणून.’

सगुणाबाई बाजेवर टेकल्या. त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, ‘ती पेटा काढून ठेवताना मी तोंड बघितलं तिचं. ते कानडीचं तोंड नव्हतं.’

हर्षितानं मोबाईल पालथा ठेवला.

‘मला काय कळत नाही होय? तिला पण लाज वाटली, तुला पण वाटली. तू आदल्या रात्रीच लाज वाटून घेतलीस, तिनं दुपारी. मालन!’ त्यांनी आत हाक मारली. ‘उद्यापासून तम्माला मामा म्हणू नकोस गं. पोरीच्या मैत्रिणींना आवडत नाही.’

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

हर्षिताला सिद्धीचा राग होता. अद्वैतचाही आला होता. पण त्या थांबलेल्या आवाजानंतर तिला कळेना की पहिला राग कुणाचा धरावा, त्यांचा की स्वतःचा. ती उठून आत गेली. आई पाठमोरी उभी होती. हर्षितानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला लागली. आई बाजूला झाली, पण गेली नाही.

*

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हर्षिता प्रयोगशाळेच्या मागच्या आवारात आली. तिथे तपासून झालेल्या गेजांची खोकी रचलेली असतात, आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडे रेल्वेची शिट्टी वाजते. तिनं काकूंना फोन लावला. डेंगीनंतर तिनं त्यांना आपणहून कधी फोन केला नव्हता.

‘कोण? हर्षिता? बोल गं,’ काकू म्हणाल्या. आवाज जपून होता. ‘वाईट वाटून घेऊ नकोस बाळ. तुझ्यात काही खोट नाही. पण भाषा म्हणजे—’

‘काकू, भाषेचं नाही ते,’ हर्षिता म्हणाली. पुढचं वाक्य तिनं येतानाच ठरवून ठेवलं होतं. ‘माझे वडील माझ्या आईचे सख्खे मामा आहेत. आमच्याकडे चालतं. सिद्धीला शनिवारी कळलं. अद्वैतला आधीपासून माहीत आहे. तुम्हाला दुसरंच कारण सांगितलंय. नाही म्हणायचं तर यासाठी म्हणा. मी मग भांडेन तरी.’

पलीकडे पाट ओढल्यासारखा आवाज झाला. काकू बसल्या असाव्यात.

‘सिद्धीला ठाऊक होतं?’ काकूंनी विचारलं.

‘हो. तुमचा फोन आला तेव्हा मी तिच्यासमोरच उभी होते.’

‘आणि अद्वैतला?’

‘वर्षभर.’

काकूंनी श्वास सोडला. तो लांब होता. फोनमधूनही तो जड लागला.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘ठेवते.’

त्याला आता बरेच दिवस झाले. काकूंचा फोन आला नाही, हो म्हणायला नाही, नाही म्हणायलाही नाही. सिद्धीचा एकच निरोप आला: ‘तू हे करायला नको होतंस.’ अद्वैत म्हणतो, आई घरात कुणाशीच धड बोलत नाही, फोन केला तरी जेवलास का एवढंच विचारते. हर्षिता रोज यशवंतपूरला जाते, काटे तपासते, लाल-हिरवी स्टिकरं लावते. ‘फोन आला का गं?’ असं अव्वा रोज संध्याकाळी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता आपल्या कामाला लागतात.

होकार येईल की नकार, याचा विचार हर्षितानं जवळजवळ सोडून दिलाय. तिला फक्त एक गोष्ट कळायला हवी आहे, आणि ती विचारायला ती अजून धजत नाही. त्या दिवशी ‘ठेवते’ म्हणताना काकूंना राग आला होता, एवढं नक्की. पण तो कुणाचा? मामाशी लग्न लावणाऱ्या घरातल्या मुलीचा, की आपल्याला खरं न सांगणाऱ्या आपल्या दोन मुलांचा?